सत्कार आधी, फ्रान्स नंतर

पद्माकर खांबेटे यांनी सायकलवरून फ्रान्स पार केल्याबद्दल इंग्लंडमधल्या सोलंट मराठी मंडळाने शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा जाहीर सत्कार केला. टाळ्या भरपूर पडल्या. मसालेभातही कमी पडला नाही.

एकच अडचण होती. पद्माकर तोवर फ्रान्सला गेले नव्हते.

अजिबातच गेले नव्हते. त्या महिन्यातला त्यांचा सर्वांत लांबचा सायकलप्रवास कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, दूध आणायला, आणि येताना चढ लागला म्हणून खाली उतरून.

(नीनाचं म्हणणं: दूध नव्हतं, ब्रेड होता. आणि तिथे चढ नाही. नीना ही पद्माकरांची बायको. ती अशी मधूनमधून बोलणार. तिला थांबवणं कुणालाच जमलेलं नाही.)

झालं ते असं.

दोन हजार सहाचा गुढीपाडवा. साउथहॅम्प्टनमधला एका चर्चचा भाड्याचा हॉल. पुण्याहून एक गायक यायचे होते. ते दिवाळीतही यायचे होते आणि आले नव्हते. आताही आले नाहीत. मंडळाचे सेक्रेटरी पुरुषोत्तम निमकर यांच्या गाडीच्या डिकीत त्यांच्यासाठी आणलेली शाल आणि नारळ सज्ज होते, आणि व्यासपीठावर कुणीच नव्हतं. निमकर हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. मुलगी बोहल्यावर उभी आहे आणि वऱ्हाड अजून मोटरवेवर अडकलंय, असा चेहरा.

त्याच वेळी जेवणाच्या रांगेत पद्माकर डॉक्टर श्यामलाबाईंना सांगत होते, "फ्रान्समध्ये म्हणे अजून चांगले खडीचे रस्ते आहेत. जुन्या रेल्वेलाइनी उखडून केलेले, नदीच्या काठाने जाणारे. एकदा सायकलने तिकडे जावंसं फार वाटतं."

हे वाटणं साधं नव्हतं. पद्माकर एका कौन्सिलच्या रस्तेखात्यात होते. रस्त्यावरचे खड्डे बघायचे, मोजायचे, त्यांच्याभोवती पांढरं वर्तुळ मारायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं त्यांनी डांबराविषयी लोकांच्या शिव्या ऐकल्या होत्या. फोनवर, पत्रातून, एकदा तर स्वतःच्या दातांच्या डॉक्टरकडून, तोंड उघडं असताना. त्यामुळे आपण कधी गुळगुळीत होतो असा दावाच न करणारा खडीचा रस्ता त्यांना मनापासून आवडे. अशा रस्त्याबद्दल कोण तक्रार करणार? तो मुळातच प्रामाणिक.

हे सगळं श्यामलाबाईंना सांगायचं होतं, पण मागून निमकरांनी दंड धरला.

"पद्माकर, फ्रान्स म्हणालास?"

"हो, म्हणजे—"

"सायकलवर?"

"विचार आहे नुसता."

"चल," निमकर म्हणाले.

"कुठे?"

"वर. अरे, आणलेली शाल परत घरी न्यायची नसते. अपशकुन असतो."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय ना!"

पुढचं फार वेगात घडलं. माइक हातात येताच निमकरांनी आपल्यातल्याच एका साध्या माणसाचं कौतुक करायला घेतलं. 'विचार आहे' हे दोन शब्द पायऱ्या चढतानाच कुठेतरी गळून पडले होते. पहिल्या वाक्यात पद्माकर नॉर्मंडीत होते. तिसऱ्या वाक्यात नॉर्मंडीचा फ्रान्स झाला. पाचव्या वाक्यात तो पार करून झाला होता.

"अहो, पण मी अजून..." पद्माकर माइकपाशी वाकून म्हणाले.

"ही नम्रता बघा!" निमकर म्हणाले, आणि खांद्यावर शाल पडली.

*

त्या रात्री स्वयंपाकघरात फ्रिजवर नारळ ठेवलेला होता आणि त्याखाली पद्माकर बसले होते.

"शाल कपाटात ठेवू की परत करताय?" नीनाने विचारलं.

"परत कशी करणार? फोटो काढलेत."

"मग सांगा सगळ्यांना खरं काय ते."

"सांगितलं. नम्रता म्हणाले."

नीना हसायला लागली. पद्माकर हसले नाहीत. वीस वर्षांत त्यांनी एकाही न बघितलेल्या रस्त्यावर सही केली नव्हती. वरिष्ठ म्हणायचे, पद्माकर, इथून खिडकीतून दिसतोय की, कर सही. पद्माकर छत्री घेऊन जायचे, चालून बघायचे, मग सही करायचे. आणि आता खांद्यावर एका अख्ख्या देशाची सही पडली होती, ज्याचा एक फूटही त्यांनी पाहिला नव्हता.

"हा नारळ," ते उठून म्हणाले, "मी तिथे सायकलने पोचल्याशिवाय फुटणार नाही."

"म्हणजे तो तिथपर्यंत येणार?"

"माझ्याबरोबर."

नीनाने नारळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तर मग मीही येते. तुमच्या दोघांबरोबर कुणीतरी शहाणं हवं."

*

सायकल काळी होती. चर्चच्याच एका सेलमध्ये मिळालेली; लोखंडी, दांडीची, मागे कॅरिअर, खाली दोन पायांचं स्टँड. स्टँडवर चढवताना घरातले दोघे लागत. लेस्टरला शिकणाऱ्या अक्षयाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोनवर आपलं मत दिलं.

"बाबा, तुझा सायकल खूप हेवी आहे. तो ग्रॅव्हलमध्ये सिंक होणार."

"सायकल ती असते, अक्षू."

"ओके, ती सिंक होणार. मम्मीला पण घेऊन."

मम्मीने मात्र सुपरमार्केटमधून एक जांभळी सायकल आणली. हलकी, गिअरची, आणि पुढे वेताची टोपली, टोपलीवर प्लास्टिकची डेझीची फुलं. पद्माकरांनी फुलं काढून टाकायचं सुचवलं. ती फुलं कथेच्या शेवटपर्यंत टिकणार आहेत, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

मग सल्ले आले. शेजारचा जेफ गेली कित्येक वर्षं कॅरॅव्हन घेऊन फ्रान्सला जात होता आणि दरवेळी तिथल्या लोकांबद्दल नवीन राग घेऊन परत येत होता. "पॅडी," तो कुंपणावरून म्हणाला, "तिकडे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. कोण का असेना. कोंबडी असली तरी." आणि त्याने आपला सॅटनॅव्ह, म्हणजे बोलून रस्ता सांगणारं यंत्र, उसना दिला. तेव्हा त्या यंत्राचं लोकांना फार अप्रूप होतं. त्यात एक अतिशय सुसंस्कृत इंग्रज बाई राहत असत.

डॉक्टर श्यामलाबाईंनी विचारलं, "गुडघ्यांचं वय काय?"

"माझंच की."

"गुडघे नेहमी मालकापेक्षा दहा वर्षांनी मोठे धरायचे. आणि हे घ्या." हे म्हणजे मेतकूट. किलोभर असेल. "फ्रान्समध्ये भाताबरोबर काही मिळत नाही हो."

"पण भात तरी कुठे मिळणार आहे?"

"तोही देते," श्यामलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर मंडळातली घरं एकेक करून येऊन गेली. रव्याचे लाडू, डिंकाचे लाडू, लसणाची चटणी, हळद, एक गरम पाण्याची पिशवी. काळ्या सायकलचं मागचं चाक हे सगळं मुकाट्याने बघत होतं. बोलणार कसं? बोललं ते पुढे, एकदाच.

*

व्हिसा.

नीनाने ब्रिटिश पासपोर्ट कधीच घेतला होता. पद्माकरांनी भारतीय ठेवला होता, अभिमानाने. अभिमानाचा माणूस लंडनला जाऊन रांगेत उभा राहतो, आणि बिनअभिमानाचा घरी बसून चहा पितो, ही त्यातली गंमत.

खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. फक्त प्रश्न विचारत होत्या.

"प्रवासाचा उद्देश?"

"खडी," पद्माकर म्हणाले.

बाईंनी मान वर केली.

"पर्यटन," पद्माकर म्हणाले.

"रात्री कुठे राहणार?"

"जिथे संध्याकाळ होईल तिथे."

"प्रत्येक रात्रीचं बुकिंग लागेल."

"पण मॅडम, संध्याकाळ कुठे होईल हे आधी कसं सांगू? वारा कसा असेल, चढ किती असेल..."

"संध्याकाळ कुठे होणार ते ठरवा," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि त्याचं बुकिंग आणा."

अशा रीतीने रस्ता नेईल तिकडे जाणारा मुक्त प्रवासी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, दोरा आणि फूटपट्टी घेऊन, आपल्या संध्याकाळी ठरवायला बसला. शेरबर्गच्या बंदरातून सुरुवात. तिथून खाली, आतल्या खेड्यांतून, सँ-लो गाव, मग व्हिर नदीचा काठ. शेवट माँ-सँ-मिशेल, समुद्रात उभ्या असलेल्या त्या डोंगरावरच्या चर्चपाशी. अख्खा फ्रान्स नव्हे. पण एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्याला पोचायचं, म्हणजे काहीतरी पार झालंच, असा हिशेब. व्हिसा मिळाला तो नेमका परतीची बोट सुटण्याच्या दिवसापर्यंत. एक दिवसही वर नाही.

(नीनाचं म्हणणं: दोरा माझ्या साडीच्या फॉलचा होता. नंतर मिळाला नाही.)

*

पोर्ट्समथच्या बंदरावर बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासत होते. पडद्यावर एक गोल, घट्ट, केसाळ वस्तू दिसली. भोवती कापड.

"सर, हे काय आहे?"

पद्माकर तोंड उघडणार तेवढ्यात नीना म्हणाली, "ते त्यांचं बक्षीस आहे."

"कशाबद्दल?"

"सायकलवरून फ्रान्स पार केल्याबद्दल."

"व्हेरी गुड, सर! कधी केला?"

"आता निघालोय," पद्माकर म्हणाले.

त्या माणसाने पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. पिशवीची चेन त्याने स्वतः बंद केली, आदराने, नारळाला धक्का लागणार नाही अशी. "मग निघा," तो म्हणाला. "उशीर होतोय तुम्हाला."

*

या जागी फ्रान्सचं वर्णन यायला हवं. पण ते पद्माकरांकडून मिळत नाही, कारण पद्माकर सतत खाली बघत होते.

"अगं, ही बघ!" ते ओरडायचे, आणि नीना दचकून ब्रेक मारायची. "बारीक खडी, खाली कशी दाबलीय! मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार. पाणी राहणारच नाही!" जुन्या रेल्वेलाइनीचा तो रस्ता सरळ झाडांच्या बोगद्यातून जात होता, आणि चाकांखाली पापड मोडल्यासारखा एकसारखा आवाज येत होता. त्या आवाजाने त्यांचा ऊर भरून यायचा.

नीनाला दिसलं ते असं: सफरचंदांच्या बागा. चष्मा लावल्यासारखे डोळ्यांभोवती तपकिरी ठिपके असलेल्या गायी. जुन्या स्टेशनांची रिकामी घरं, ज्यांच्या फलाटावर आता कुणीतरी टोमॅटो लावले होते. व्हिर नदी, आणि तिच्यावरून वर चढत गेलेलं सँ-लो. सगळे जण 'बोंजूर' म्हणत होते. दुसऱ्या दिवसापासून नीना समोरचा तोंड उघडायच्या आत बोंजूर म्हणू लागली. गायींनाही.

सॅटनॅव्हमधल्या बाईंना मात्र हा रस्ता मान्यच नव्हता. त्यांच्या मते हे दोघे नदीत होते. "शक्य होईल तेव्हा मागे वळा," त्या म्हणत राहिल्या. मग "मागे वळा." दुपारी बॅटरी संपली, पण शेवटपर्यंत त्यांनी शांतपणा सोडला नाही.

जेवणाच्या वेळी पोचलेलं प्रत्येक गाव बंद होतं. दुकानं बंद, बेकरी बंद, एकदा तर चौकातलं कारंजंसुद्धा बंद. ते दोघे नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून डिंकाचे लाडू खायचे. श्यामलाबाईंची दूरदृष्टी तेव्हा समजली.

अशाच एका गावात चौकामागच्या मोकळ्या जागेत म्हातारे लोखंडी गोळे टाकत खेळत होते. पद्माकरांचं लक्ष गोळ्यांकडे नव्हतं, जागेवरच्या खडीकडे होतं. ते सरळ आत गेले, ऐन डावात वाकले, आणि बोटांनी खडी चाचपून बघितली. खेळ थांबला. नीनाने डोळे मिटून घेतले. पद्माकरांनी सवयीने खिशातली टेप काढली, आणि म्हाताऱ्यांच्यात एकदम कालवा झाला. त्यांच्यात मघापासून एक वाद चालला होता, कुणाचा गोळा लहान चेंडूला जास्त जवळ आहे, आणि हा परदेशी माणूस मोजमापाचं सामान घेऊन आला होता!

पद्माकरांनी मोजलं. दोनदा मोजलं. गुडघ्यावर बसून, डोळा जमिनीला लावून, टेप सैल न पडू देता. मग एका गोळ्याकडे बोट दाखवलं. हरलेल्या म्हाताऱ्यानेसुद्धा वाद घातला नाही. त्यांनी पंचाला पेअरची कसलीशी दारू पाजली, एवढ्याशा ग्लासातून.

"वीस वर्षांत पहिल्यांदा," पद्माकर त्या संध्याकाळी म्हणाले, "माझं माप सगळ्यांनी मान्य केलं."

(नीनाचं म्हणणं: एवढासा ग्लास, पण तीन वेळा. पुढचा रस्ता हे गात होते.)

*

आणि मग खड्डा.

शेवटचा मुक्काम पाँतोर्साँ गावात, दोन रात्रींचा. तिथून कुएनाँ नदीच्या काठाने खडीचा रस्ता थेट माँ-सँ-मिशेलपर्यंत जातो. सकाळी निघाले. लांब, सपाट कुरणांच्या पलीकडे तो डोंगर दिसत होता, धुक्यावर ठेवल्यासारखा. पद्माकरांनी आयुष्यात एकदाच, फक्त एकदा, खडीवरची नजर उचलून वर बघितलं.

मागचं चाक बोललं.

पद्माकर उजवीकडे पडले, लाडू डावीकडे. चाकाचा आकार आता चकलीसारखा झाला होता. नीना धावत आली. "लागलं का हो? हलू नका! श्यामला काय म्हणाली होती—"

पण पद्माकर आपल्या गुडघ्याकडे बघतच नव्हते. ते मागे बघत होते. खडीच्या रस्त्यात, त्या प्रामाणिक रस्त्यात, एक खड्डा होता.

"अशक्य," ते म्हणाले.

लंगडत गेले, टेप काढली, खोली मोजली. घरच्या कौन्सिलच्या नियमाप्रमाणे चाळीस मिलिमीटरच्या आत असेल तर तो खड्डा नव्हे, ते रस्त्याचं वैशिष्ट्य. हा पंच्याहत्तर होता. वादच नाही. त्यांनी खिशात पांढऱ्या रंगाचा डबा शोधला. तो अर्थातच घरी, कौन्सिलच्या व्हॅनमध्ये होता.

"नीना, मेतकूट दे."

"काय?"

"खूण करायला हवी. मागून येणारा पडेल."

नीनाला वीस वर्षांच्या संसारात बऱ्याच गोष्टी मागितल्या गेल्या होत्या. तिने मुकाट्याने टोपलीतून मेतकुटाची पिशवी काढून दिली. पद्माकरांनी खड्ड्याभोवती पिवळंधमक, सुबक वर्तुळ काढलं. बाजूला बाण, आणि खोलीचा आकडा. समोरच्या बांधावर नगरपालिकेच्या पिवळ्या जॅकेटातला एक माणूस छोट्या व्हॅनला टेकून सँडविच खात होता. त्याने चावणं थांबवलं होतं. पद्माकरांनी त्याच्याकडे बघून आकड्यावर बोट ठेवलं. त्याने मान हलवली.

मग काळी सायकल ढकलत ते दोघे पुढे चालत गेले. तिचं मागचं चाक उचलून धरायला लागत होतं. डोंगर जवळ येत होता, पण फार सावकाश. दुपारी पोचले. मेंढ्या खारट गवत खात होत्या, बसेसमधून लोक उतरत होते. नीनाने पिशवीतून नारळ काढून पुढे केला.

"नाही," पद्माकर म्हणाले.

"अहो, पोचलो की!"

"चालत पोचलो. शाल सायकलीची आहे."

"कुणाला कळणार आहे?"

पद्माकरांनी मागचं चाक पुन्हा उचलून धरलं. नीनाला उत्तर माहीत होतं. पावसात छत्री घेऊन निघालेल्या माणसाला तिने अनेकदा दारातून पाहिलं होतं. तिने नारळ परत पिशवीत ठेवला.

"उद्या दुपारी ट्रेन आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी बोट. व्हिसा उद्या संपतो. आणि तुमचं चाक चकली झालंय."

"हो."

"मग?"

पद्माकर जांभळ्या सायकलीकडे बघत होते. टोपलीकडे. टोपलीवरच्या डेझीच्या फुलांकडे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या त्या रस्त्यावर जे लोक कुत्री फिरवत होते त्यांनी एक पोक्त गृहस्थ पाहिले. खांद्यावर जरीची शाल, गुडघ्याला हॉटेलच्या रुमालाची पट्टी, आणि खाली बायकी जांभळी सायकल, जिच्या पुढे फुलं होती. गुडघे हँडलला लागत होते. ते गृहस्थ खाली बघत नव्हते. ताठ, समोर बघत होते. मंडळाच्या व्यासपीठावरही ते इतके ताठ उभे राहिले नव्हते.

कालच्या जागी आल्यावर मात्र त्यांनी ब्रेक लावला.

खड्डा नव्हता.

पिवळं वर्तुळ होतं, जरा दवाने विरलेलं, कुठल्याशा कुत्र्याने एका बाजूला चाटलेलं. बाण होता. आकडाही होता. पण वर्तुळाच्या आत ताजी, बारीक, नीट दाबलेली खडी होती, बरोबर काठापर्यंत, मध्ये हलकासा उंचवटा ठेवून.

पद्माकर सायकलवरून उतरले. त्यांनी त्यावर पाय ठेवला. मग दोन्ही पाय. खूण आणि खडी यांच्यामध्ये एकच रात्र! घरी या दोन गोष्टींच्या मध्ये केवढा काळ जातो हे ते सांगत नाहीत. कौन्सिलचं नावसुद्धा ते कुणाला सांगत नाहीत. एका परक्या देशात, परक्या भाषेच्या माणसाने त्यांचं वर्तुळ वाचलं होतं आणि मान्य केलं होतं. मेतकुटाचं असलं तरी. त्यांनी शाल सारखी केली, आणि कुणी बघत नाही असं बघून, त्या खडीला हात लावून नमस्कार केला.

पुढचे मैल कसे गेले ते त्यांना आठवत नाही.

नीना पहिल्या बसने येऊन समुद्राच्या बांधापाशी उभी होती. सपाट रस्त्यावर लांबून एक जांभळा ठिपका येताना दिसला, वर लाल शाल फडफडत होती. तिने आयुष्यात या माणसाकडे बरेचदा रागावून बघितलं होतं. त्या क्षणी तिने कसं बघितलं, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.

(नीना इथे काही म्हणत नाही.)

"आण तो नारळ," धापा टाकत पद्माकर म्हणाले.

बांधाचा दगड पुसला. पद्माकरांनी डोळे मिटले, नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला, साउथहॅम्प्टन, शेरबर्ग, सँ-लो, पाँतोर्साँ, सगळं त्यात एकवटलं, आणि आपटला.

नारळ फुटला. वासाने मेंढ्या मागे सरकल्या.

आत काळं होतं. पाणी नव्हतंच. एक जपानी कुटुंब, जे फोटो काढायला थांबलं होतं, ते नम्रपणे पुढे गेलं.

दोघे त्या करवंट्यांकडे बघत राहिले. इतक्या चढांवरून, इतक्या गावांतून, शालीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा आणलेला नारळ.

"नासका निघाला की देवाला पावला म्हणतात," नीना हळूच म्हणाली.

"कुठल्या देवाला?"

नीनाने वर चर्चच्या टोकावरच्या सोनेरी देवदूताकडे पाहिलं. "आता जो जवळ असेल त्याला." आणि मग ती हसायला लागली, आणि या वेळी पद्माकरही हसले, इतके की त्यांना सायकलला धरून उभं राहावं लागलं.

*

मंडळाचा गणपती. तोच हॉल. पद्माकर गेले ते खरचटलेल्या गुडघ्यासकट, एका खऱ्या गोष्टीसकट. ती कुणी विचारली तर सांगायची होती.

"छान झाली का ट्रिप?" निमकर म्हणाले. "बरं झालं आलास. काम आहे."

"पुरुषोत्तम, तिथे एक खड्डा—"

"नंतर सांग. तुझा सत्कार झालाय ना? मग झालं. आज दुसऱ्याचा आहे."

आज शशिधर मोघ्यांचा होता. मोघे हा पेन्शनीला आलेला, अबोल माणूस. दहा मिनिटांपूर्वी चहाच्या रांगेत तो कुणाला तरी म्हणाला होता की, स्कॉटलंडचा तो सर्वांत उंच डोंगर एकदा चढून बघावासा वाटतो. आता तो व्यासपीठावर उभा होता आणि निमकरांच्या तिसऱ्या वाक्यात शिखरावर पोचला होता. वारा जोरात होता. बर्फ पडत होता.

"आणि ही शाल त्यांना देण्यासाठी," निमकर म्हणाले, "मी आपल्या फ्रान्स पार करणाऱ्या..."

पद्माकर वर गेले. खाली नीना श्यामलाबाईंना खड्ड्याची गोष्ट सांगत होती. मेतकुटापाशी श्यामलाबाईंनी कपाळाला हात लावला, मग शेजारच्या रांगेलाही ती गोष्ट सांगायला लागल्या. पद्माकरांनी ते पाहिलं. त्यांची छाती दोन इंच वर आली.

मोघे पांढरेफटक पडले होते. "अहो खांबेटे," ते ओठ न हलवता म्हणाले, "मी अजून गेलोच नाही हो."

"माहीत आहे," पद्माकर म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नीट, दोन्ही बाजूंनी सारखी. मग निमकरांनी पुढे केलेला नारळ हातात घेतला. टाळ्या सुरू झाल्या होत्या. पद्माकरांनी तो नारळ लगेच दिला नाही. कानाशी धरला. हलवला. पुन्हा हलवला. निमकरांचा चेहरा पडला.

"पुरुषोत्तम, हा कधीचा?"

"अरे... आत्ताचाच. तुझा दिवाळीचा होता."

आत पाणी खळखळत होतं. पद्माकर समाधानाने हसले आणि नारळ मोघ्यांच्या हातात ठेवला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "वरपर्यंत न्या. जड वाटेल, पण न्या."